इतर परिस्थिती कायम असताना

शेवंतीने अकरावीला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा वायंगणकरांच्या घरात कोणी हरकत घेतली नाही, ही गोष्ट त्या घराच्या रिवाजाला सोडून होती. आजोबांच्या वर्षश्राद्धाला वड्यांत मेथी जास्त झाली की कमी, यावरून ज्या घरात दोन तट पडले आणि शिमग्यापर्यंत टिकले, तिथे मुलीने शिवणकाम सोडून भलताच विषय घ्यावा आणि सगळ्यांनी गप्प बसावं, याचं कारण साधं होतं. अर्थ म्हणजे पैसा, म्हणून तिच्या वडिलांना, हरिश्चंद्र अण्णांना, तो पसंत पडला. शास्त्र म्हणजे काहीतरी सोवळ्यातलं, म्हणून आईला, काशीबाईंना. सुभद्रेला कोणी विचारलं नाही.

वैशाखाच्या सुटीसाठी गुरुदास मास्तरांनी वर्गाला घरचा अभ्यास दिला. घरातली कुठलीही एक वस्तू घ्या, तिची किंमत बदलत न्या, मागणी कशी बदलते ते पाहा. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘इतर परिस्थिती कायम असताना’. बाकीच्या पोरांनी हे फळ्यावरच ठेवलं. शेवंतीने जेवताना घरात सांगितलं.

अण्णांचा घास हातात राहिला. तीस वर्षं ते मालवणच्या बाजारात काथ्याचा आणि नारळांचा व्यापार करत होते. भाव चढताना पाहिले होते, पडताना पाहिले होते, पण इतर परिस्थिती कायम राहिलेली काही त्यांनी पाहिली नव्हती. कधी गलबत वेळेवर लागायचं नाही, कधी सुंभ भिजायचं, कधी गोव्याची हद्द बंद व्हायची. आणि गेल्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला, तर बांद्याच्या ज्या गिऱ्हाइकाला हद्द बंद म्हणून ते चढा भाव लावत होते, तो उघडी हद्द दाखवून घासाघीस करू लागला होता.

“कायम म्हणजे किती कायम?” त्यांनी विचारलं.

“मास्तर म्हणतत, किमतीशिवाय कायच बदलूचा नाय. माणसां, तेंचा उत्पन्न, तेंची आवड. सगळा तसाच.”

“बाजारात तां होवचा नाय,” अण्णा म्हणाले. “पण घरात करूया.”

वस्तू ठरली चहा. पहिल्या आठवड्यात कपाला एक नवा पैसा, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच. पैसे टाकायला माजघरात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. आणि मग अण्णांनी इतर परिस्थिती कायम ठेवायला घेतली. न्हाव्याला खळ्यातूनच परत पाठवलं. धाकटा भाऊ सत्यवान मुंबईहून बायकोमुलांना घेऊन आंब्यांपुरता आला होता, त्याचं परतीचं तिकीट रद्द करवलं. माणसं कमी झाली तर मागणी कमी झाल्याचं कारण कळायचं कसं? सत्यवानाने ऑफिसात तार केली आणि कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात गाय व्याली आणि दूध वाढलं, तेव्हा अण्णांनी काशीबाईंना जबाब विचारला.

“गाय काय माका इचारून व्याली?” काशीबाई म्हणाल्या.

“आठ दिस थांबाक काय झाला होता तिका?”

नियम बराचसा खरा ठरत गेला. तीन पैसे होताच सुगंधा, म्हणजे सत्यवानाची बायको, शेजारच्या सीतेकडे कपडे वाळले का बघायला दुपारी जाऊ लागली आणि येताना तोंड पुसत येऊ लागली. पाच पैसे झाल्यावर काशीबाईंनी चहा सोडला आणि पित्त गेलं असं जाहीर केलं. गडी महादू पेजेवर आला. एकटा सत्यवान मात्र किंमत चढेल तसा जास्त पिऊ लागला. डब्यात पाच पैशांचं नाणं असं टाकायचा की आवाज ओटीवर पोचावा.

“काकांनी नियम मोडलो,” शेवंती रडकुंडीला आली.

“तो मुंबयचो,” अण्णा म्हणाले. “तेका बाहेर ठेव.”

या सगळ्या काळात चहा करत होती सुभद्रा. अण्णांची धाकटी आणि सत्यवानाची मोठी बहीण. घरात तिला सगळे बाय म्हणत. वय छत्तीस. तिलाही स्थळं आली होती. रेडीचं आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. दुसरं आलं तेव्हा शेवंती पोटात होती आणि काशीबाईंना उठायला मनाई होती. तिसरं आलं तेव्हा सत्यवानाचं लग्न ठरत होतं. स्थळात कधी खोट निघाली नाही. दर वेळी परिस्थिती आडवी आली. नंतर स्थळं आली नाहीत, आणि परिस्थिती सुधारली.

&nbsp;

मंगळवारी बाजारात सुभद्रा बांगडे घेत होती. टोपलीपलीकडून गुरुदास मास्तर म्हणाले, “सुभद्राबाई, मी तुमच्या घरी मागणी घेऊन आलो, तर चालेल का?”

“शेवंतीक इचारा,” ती म्हणाली. “तिचा तयार आसा.”

मास्तरांनी छत्री उघडली, मिटली. बरं म्हणाले आणि गेले.

सुभद्रा वाटेला लागली. नारळाच्या वखारीपाशी आली आणि मधोमध उभी राहिली. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने दोनदा ओरडून सांगितलं तरी ती हलली नाही. अभ्यास बघायला येणारा माणूस ‘चालेल का’ असं कशाला विचारेल?

आणि मग फेब्रुवारीतली गोष्ट आठवली. शेवंतीला हा विषय घेऊ द्या, म्हणून सांगायला मास्तर घरी आले होते. चहा देताना सुभद्रेने दाराआडून विचारलं होतं, “मास्तर, ह्या शास्त्रात मजुरी घेणारो येता, भाडा घेणारो येता, व्याज खाणारो येता. काय एक न घेता राबणारी माणसां खंय येतत?” मास्तरांनी कप खाली ठेवला होता आणि पुस्तकात बघून सांगतो म्हणाले होते. त्यानंतर ते वाटेत भेटले की मान खाली घालून जात. पुस्तक मिळत नसेल, असं तिला वाटलं होतं.

आता तिला परत बाजारात जाऊन एवढंच सांगायचं होतं की मघाशी मी चुकीचं ऐकलं. पण बांगडे उन्हात होते. आणि अशी गोष्ट बाईमाणसाने मागे धावत जाऊन दुरुस्त करायची, अशी पद्धत नव्हती. ती घरी आली, बांगडे केले, आणि त्यात मीठ घालायला विसरली. वीस वर्षांत पहिल्यांदा काशीबाईंनी जेवताना तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

&nbsp;

रविवारी उतरत्या उन्हात मास्तर आले. अंगात कोट, हातात छत्री, आणि एकटे. हीच त्यांची चूक झाली. मागणी घालायला चारचौघं येतात, एखादा पिकल्या मिशांचा माणूस पुढे असतो, तो आधी पावसापाण्याचं बोलतो. गुरुदासांची पहिली बायको बाळंतपणात गेली त्याला दहा वर्षं होऊन गेली होती, आणि बांद्याच्या त्यांच्या घरात आता मिशा पिकलेलं कोणी उरलं नव्हतं.

सगळे ओटीवरच होते. मास्तर समोर असले की अण्णा शुद्ध बोलत. कचेरीत वापरायचे कपडे पेटीतून काढावेत तशी ती भाषा बाहेर निघे.

“या, बसा. कसं काय येणं केलंत?”

“मी,” मास्तरांनी घसा साफ केला, “मागणीसंबंधी आलो होतो.”

“आम्ही वाटच बघत होतो.”

मास्तर थक्क झाले. “वाट बघत होता?”

“तीन आठवडे. सगळी तयारी आहे. शेवंती, अगे इकडे ये. मास्तर मागणीसाठी आलेत.”

“शेवंतीची नव्हे,” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“नव्हेच. ती लिहिते फक्त. मागणी सगळ्या घराची धरलीय.”

“सगळ्या घराची?”

“गड्यासकट. किंमतही ठरवलीय.”

मास्तरांनी कपाळ पुसलं. आतल्या दाराच्या चौकटीला सुभद्रा उभी होती, हे त्यांना दिसत होतं. तिला त्यांचे फक्त हात दिसत होते, आणि ते हात छत्रीचा दांडा पिळत होते.

“माझी अपेक्षा एकीचीच आहे,” ते म्हणाले. “आणि किमतीचं म्हणाल, तर मला काही नको. माझा तत्त्वतः विरोध आहे. आता तसा कायदाही झालाय.”

“किंमत नको?” अण्णा पुढे सरकले. “मास्तर, तुम्ही शिकवता आणि तुम्हीच असं म्हणता? किंमत शून्य केली तर घर बुडालं. एका पैशाला होती, तेव्हाच दिवसाला तेवीस कप जात होते.”

“कप?”

सुगंधेला हे आधी कळलं. मुंबईत चाळीत राहिल्याने भिंतीपलीकडचं बोलणं अर्ध्यावरून जोडायची तिला सवय होती. तिने पदर तोंडावर घेतला, पण हसू त्यातून बाहेर आलंच.

“भावजी,” ती म्हणाली, “मास्तर चायच्या मागणीक येवक नाय. आमच्या वन्संक मागणी घालूक इलेत.”

अण्णांनी सुगंधेकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

“हो,” मास्तर म्हणाले. “सुभद्राबाईंना.”

“आमच्या बायेक?” अण्णांच्या अंगावरची शुद्ध भाषा गळून पडली. “कित्याक?”

या प्रश्नाचं उत्तर मास्तरांनी तयार केलेलं नव्हतं. त्यांनी घर, पगार, पहिली बायको, गोत्र, सगळ्यांची उत्तरं पाठ केली होती. “त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता,” ते म्हणाले. “मी सगळी पुस्तकं पाहिली. कोल्हापूरहूनही मागवली. त्याचं उत्तर कुठेच नाही. तेव्हापासून मला तो धडा नीट शिकवता येत नाही.”

“म्हणान लगीन?”

“म्हणून असं नव्हे. पण तिथून सुरुवात झाली.”

अण्णांनी सत्यवानाकडे पाहिलं, सत्यवानाने अण्णांकडे. मेथीच्या वड्यांपासून या दोघांचं बोलणं मोजकं होतं, पण ही नजर वडिलांच्या वेळची होती. सत्यवान यंदा आला होता तो बायेला मुंबईला न्यायलाच. दोन्ही मुलं शाळेत जाऊ लागली होती आणि सुगंधेला शिवणाच्या क्लासला जायचं होतं. ही गोष्ट त्याने अजून अण्णांना सांगितली नव्हती, आणि बायेला तर सांगायची कल्पनाही त्याला सुचली नव्हती. आता परका माणूस दारात उभा असताना भांडणं पुढे ढकलणं भाग होतं.

“मास्तर,” अण्णा पुन्हा शुद्धात शिरले, “स्थळ चांगलं आहे. नाही कशाला म्हणू? पण आता होणार नाही. तुम्हीच घातलेला अभ्यास चालू आहे, पाच पैशांचा आठवडा संपायचाय. इतर परिस्थिती कायम ठेवायची आहे. माणूस कमी झालं तर प्रयोग फुकट. हे तुमचंच म्हणणं ना?”

मास्तर प्रामाणिक होते. हा त्यांच्यातला मोठाच दोष होता. ते म्हणाले, “तत्त्वतः बरोबर आहे.”

दाराच्या चौकटीवर सुभद्रेची बोटं पांढरी पडली. आई, भावजय, भाऊ यांच्या पायी तीन स्थळं गेली होती. चौथं चहापायी जाणार, आणि तेही नवऱ्या मुलाच्या संमतीने.

“बघा,” अण्णा बोटं मोजू लागले. “मी एक. काशी दोन. सत्यवान तीन, सुगंधा चार. शेवंती पाच. महादू सहा. पोरं दूध पितात. सहा माणसं सुरुवातीला होती, सहा शेवटी पाहिजेत.”

“आणि सुभद्राबाई?”

“ती करता. पिता खंय? गाळण्यात उरला तर घेता वायच.”

अण्णांचं सहावं बोट, म्हणजे दुसऱ्या हाताचा अंगठा, वर उभा होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. वर्गात एखाद्या मुलाने उत्तर चुकीचं सांगावं आणि त्यातच बरोबर उत्तर सापडावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

“मग त्या गेल्या,” ते हळू म्हणाले, “तर तुमची सहा माणसं सहाच राहतात.”

शेवंतीने मनात हिशेब केला. “होय,” ती म्हणाली. “आत्ये मोजलेलीच नाय.”

तिने हे निरागसपणे म्हटलं होतं. पण म्हटल्यावर तिला आपला आवाज ऐकू आला, आणि तिने दाराकडे पाहिलं नाही.

काशीबाईंनी पाहिलं. या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून चूल नणंदेची होती. सासू होती तोवर सासूची लाडकी म्हणून, सासू गेल्यावर हात बसलेला म्हणून. पाहुणे जेवून उठले की बायेच्या हाताला चव आहे म्हणत, आणि काशीबाई विड्याचं पान पुढे करत. पण आज त्या दाराशी उभ्या बाईचा चेहरा पाहून काशीबाईंना पहिल्यांदा वाटलं की ती चूल बायेचीही नव्हती.

“मोजूक नाय तर जांवदे तिका,” त्या म्हणाल्या.

“आणि चाय करतलो कोण?” अण्णांनी विचारलं.

“मी आसंय.”

“तुजी चाय माका म्हायती आसा.”

“पाच पैशांत तुमका कसली होई होती?”

अण्णांनी घरचा आहेर बाजूला सारला आणि व्यापाऱ्याला शोभेल ते केलं. माल जातोय असं दिसलं की भाव चढवायचा. ते दाराकडे वळले. “बाय, तू ऱ्हव. परड्यातले चार माड तुज्या नावावर करतंय.”

“मुंबयक चल,” सत्यवान मध्येच म्हणाला. युती मोडायला त्याला एवढाच वेळ लागला. “थंय नळाचा पाणी. स्टो आसा. लाकडां फुंकूची नाय.”

“मुंबयक?” अण्णा उसळले. “म्हणजे तू ह्याच्यासाठी इललंस? आणि मी समाजलंय आंब्यांक.”

“तू तिकीट रद्द केलंस म्हणान ऱ्हवलंय. नायतर तिका घेवन कधीच गेलो आसतंय.”

“सहा माड.”

“वर्षाक दोन लुगडी. आणि महिन्याक एक शिनेमा.”

“सहा माड आणि वखारीकडली खोली.”

“शेवंती, हे पाहा,” मास्तरांना राहवलं नाही. ते खुर्चीत सरसावून बसले होते, डोळे चमकत होते. “पुरवठा एकच आहे. मागणी करणारे एकाचे तीन झाले. किंमत कशी चढत गेली, लक्षात येतंय? पुस्तकात इतकं स्वच्छ उदाहरण...”

सुभद्रा दारातून बाहेर आली होती. मास्तर थांबले. त्यांना बहुधा त्या क्षणी कळलं की आपण शिक्षक म्हणून चांगले आहोत, आणि दुसऱ्या कुठल्या नात्याने कसे आहोत ते आत्ताच ठरत आहे.

“क्षमा करा,” ते म्हणाले.

“सांगा सांगा,” ती म्हणाली. “माका पण शिकाक मेळता.”

छत्तीस वर्षं शून्यावर राहिलेला भाव पाव तासात सहा माड, एक खोली आणि बारा सिनेमांवर गेला होता. तिला यातलं काही खोटं वाटलं नाही. अण्णा माड देईल, सत्यवान लुगडी देईल. दोघांनाही ती खरंच हवी होती. इतकी हवी होती, तर हे आजवर कोणी बोललं का नाही, एवढंच तिला कळेना. पण मग तिला आपणच केलेला चहा आठवला. फुकट होता तोवर त्याच्याबद्दल तरी कोण बोललं होतं?

हरायला आलेल्या माणसाला देश आठवतो. अण्णा गावच्या अल्पबचत समितीवर होते आणि सव्वीस जानेवारीला तिसऱ्या पंचवार्षिक योजनेवर त्यांनी शाळेत भाषण केलं होतं, ते अजून संपल्यासारखं त्यांना वाटत नव्हतं.

“मास्तर, तुम्ही जेवता कुठे?”

“लक्ष्मीबाईंच्या खानावळीत.”

“पैसे देता?”

“महिन्याच्या महिन्याला.”

“लग्न झाल्यावर?”

“घरी जेवेन.”

“म्हणजे लक्ष्मीबाईचे पैसे बंद. सुभद्रेला पगार देणार?”

“पत्नीला पगार कसा देणार?”

“मग शेवंती राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात रोज सकाळी घोकते, ते काय? पगारी स्वयंपाकिणीशी मालकानं लग्न केलं, तर काम तेवढंच राहतं आणि देशाचं उत्पन्न घटतं. इथे स्वयंपाकीण दुसरी, पण देशाला काय? त्याचं घटायचं तेवढं घटलंच.” अण्णा उभे राहिले. “योजनेचं दुसरं वर्ष. चीनने सरहद्दीवर डोळे वटारलेत. आणि वायंगणकरांच्या घरातून राष्ट्रीय उत्पन्न कमी करायचं?”

सत्यवानाने मान डोलावली. भावाचं इतकं त्याला आयुष्यात कधी पटलं नव्हतं.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी छताकडे पाहिलं, मग छत्रीकडे. सुभद्रेने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की आता हा माणूस काय म्हणणार.

“तत्त्वतः,” मास्तर खचून म्हणाले, “घटतं.”

काशीबाईंनी कपाळावर हात मारला.

“किती घटता?” सुभद्रेने विचारलं.

“म्हणजे?”

“देशाचा. तुमी माका नेल्यात, तर कितक्यान घटता?”

“लक्ष्मीबाईंना देतो तेवढ्याने. महिना पंचवीस रुपये.”

“आणि ते देयत ऱ्हवल्यात तर?”

“तर घटणार नाही. पण मग घरात स्वयंपाक...”

“मी करूचंय नाय.”

सुगंधेच्या तोंडावरचा पदर खाली आला. शेवंतीने पेन्सिल तोंडातून काढली.

“लक्ष्मीबाईची खानावळ चालू ऱ्हवांदे,” सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज बाजारात बांगड्यांचा भाव विचारताना असायचा तसाच होता. “तुमी थंय जेवतास ना? मी पण थंयच जेवान. दोन पानां. म्हणजे उत्पन्न वाढला की नाय?”

मास्तरांच्या ओठांची हालचाल झाली. पंचवीस दुणे. “वाढलं,” ते म्हणाले.

“अण्णा, देशाचा झाला?”

अण्णा पुन्हा बाकावर बसले. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी माल अडवला होता, सोडला होता, भिजलेला खपवला होता. पण मालाने स्वतःच तोंड उघडून सौदा केलेला पाहिला नव्हता. “लोक काय म्हणतले?” ते म्हणाले. “वायंगणकरांचा चेडू घोवाबरोबर खानावळीत जेवता?”

“म्हणांदेत.”

“आणि चाय?” सत्यवानाने विचारलं. त्याचा प्रश्न खरं तर मास्तरांसाठी होता.

“ती पण नाय.”

आता मास्तरांची पाळी होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. चूल न पेटवणारी बायको कोण नेईल? व्यवहारी माणूस इथे उठून जाईल, असा त्यांचा अंदाज होता, आणि व्यवहारी माणसांबद्दलचे त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत.

गुरुदास मास्तर उठलेही. त्यांनी कोटाची गुंडी लावली, ती चुकीच्या काजात गेली. वर्गात, कचेरीत, या ओटीवर, गेली कित्येक वर्षं ते छापील बोलत आले होते. बांद्याच्या आपल्या घरातली भाषा ते कोणाशी बोलणार होते? तिथे ती बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

“माका चलात,” ते म्हणाले.

सुभद्रा पहिल्यांदा हसली. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनाच, अगदी सत्यवानालाही, वाटून गेलं की हे आधी कधी पाहिलं होतं का.

“पण बाय,” अण्णांनी शेवटचं म्हणून विचारलं, आणि आता त्यात व्यापार नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं, “रांदूचा नाय, चाय करूची नाय, वाढूचा नाय. मगे दिवसभर तू थंय करतलंस काय?”

तिला असं कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

“बसतलंय,” ती म्हणाली.

“बसान?”

“बसान काय ता मगे बघतलंय. आधी बसतलंय.”

आणि ओटीवरच्या बाकावर, दोन भावांच्या मध्ये जी एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन ती बसली. दोघांनाही थोडं सरकावं लागलं.